थोरलीचा गंधार

आमच्या घरात मला सगळ्याची मुभा होती. मजुरांना रागवा, बाजारात घासाघीस करा, सासऱ्यांच्या बोलण्यातल्या चुका काढा, कुणी हूं की चूं करायचं नाही. फक्त गायचं नाही. मी गायला तोंड उघडलं की सासूबाई माझ्या हातात घागर द्यायच्या, म्हणजे मी विहिरीवरून परत येईपर्यंत गाणं संपून जायचं. विहिरीवर मी मनसोक्त गायचे, पण तिथं ऐकायला बेडकंच असायची.

त्या दिवशीही तेच झालं. पेरणी तोंडावर आली होती आणि बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम चाललं होतं. हे काम यंत्राचं नाही. यंत्रात दाण्याचं तांबडं साल निघून जातं, आणि उघडा दाणा जमिनीत घातला की तो उगवत नाही, मुंग्यांची मेजवानी होते. म्हणून शेंगेवर पाण्याचा शिपका मारायचा, टरफल जरा मऊ पडू द्यायचं आणि अंगठ्यानं हलकेच फोडायचं. दोन दिवस फोडलं की अंगठा असा सुजतो की गुंडीसुद्धा लावता येत नाही. एकट्यानं करायला बसलं तर माणसाला वेड लागेल, म्हणून आमची सगळी आळी एकत्र बसते. आज ह्यांच्या शेंगा, उद्या त्यांच्या. अंगण मात्र नेहमी आमचंच, कारण पेटी आमची.

पेटी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ऊन कललं, भिंतीची सावली अंगणभर झाली की मामंजी ओट्यावर सतरंजी टाकून बसायचे. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, डोळे मिटलेले. खाली सगळी आळी गायची आणि फोडायची. पेटी जलद झाली की हात जलद चालायचे. मामंजी मोठे लबाड. आमच्या शेंगा असल्या की गाण्याची लय अशी हळूहळू वाढवत न्यायचे की बायकांना पत्ता लागायचा नाही आणि पोतं रिकामं व्हायचं. दुसऱ्याच्या शेंगा असल्या की म्हातारा निवांत.

गाणं आमच्या आळीचंच. ‘वाऱ्या वाऱ्या सावकाश, टरफल तेवढं घेऊन जा, दाणा माझा ठेवून जा.’ त्यातल्या ‘सावकाश’वर सूर वर चढतो. तिथं मी त्या दिवशी जरा जास्तच मन लावून गायले असेन. चार जणींचे हात थांबले. कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

‘‘थोरले, पाणी आण गं,’’ सासूबाई म्हणाल्या. मी घरातली थोरली सून, म्हणून माझं नावच थोरली पडलं होतं.

‘‘घागर भरलेली आहे, आई.’’

‘‘मग ती ओत आणि दुसरी आण.’’

एवढ्यावर मी गप्प उठलेही असते. पण माझी धाकटी जाऊ, जिला सगळी आळी कोकिळा म्हणते, ती मायेनं पुढं वाकली आणि म्हणाली, जाऊबाई, तुम्ही नुसते ओठ हलवा, तुमच्या वाटचं मी गाते. टोमणा परवडतो, पण दया परवडत नाही. मी म्हटलं, माझ्या वाटचं तू बरंच खातेस, गाणं तेवढं राहू दे. झालं. तिनं हातातलं सूप आपटलं, मी घागर आपटली, तिनं माझं माहेर काढलं, मी तिची झोप काढली. ती उन्हं तोंडावर येईपर्यंत झोपते हे आळीला माहीत नव्हतं, ते त्या दिवशी झालं. मामंजी डोळे मिटून वाजवत राहिले. घरातली भांडणं झाकायला पेटीसारखं दुसरं साधन नाही, असं ते नेहमी म्हणत.

भांडण सासूबाईंनी मिटवलं, आणि मिटवताना माझ्या पोटात सुरी फिरवली. टरफलांच्या धुळीनं त्यांचा गळा बसला होता. त्या म्हणाल्या, आता माझ्यानं गाणं उचलवत नाही. यंदाचं बियाणं संपेल त्या दिवशी मी पेटीशेजारून उठणार, आणि माझ्या जागी धाकटी बसेल.

पेटीशेजारची जागा म्हणजे काय, ते आमच्या आळीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. तिथं बसणारी बाई गाणं उचलते, बाकीचे मागून धरतात. पण गोष्ट गाण्यापुरती नव्हती. कुणाचं बियाणं आधी फोडायचं, कुणाच्या घरचं माणूस आलं नाही, कुणाला चार जास्तीचे हात द्यायचे, हे सगळं तिथं बसणारी ठरवायची. सासूबाईंना ती जागा त्यांच्या सासूनं दिली होती, थोरली म्हणून. आता ती माझी होती. आणि ती माझ्या डोळ्यांदेखत धाकटीला चालली होती, कारण मला सूर नव्हता.

मला सूर नव्हता म्हणे. माहेरी माझी आत्या घरात पोरींना गाणं शिकवायची. बाकी पोरी चुकल्या की ती मला म्हणायची, ह्यांना जरा दाखव. तो माझा गळा. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मला गायला बसवलं, आणि मी मोठ्या तोऱ्यात सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सासूबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. नंतर त्यांनी ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आत बोलावून विचारलं की मुलगी बघायला गेलो तेव्हा तिला गायला सांगितलं होतं का. हे म्हणाले, नाही, पोहायला येतं का एवढं विचारलं होतं. तेव्हापासून माझा गळा तिरका ठरला तो ठरलाच.

खरी गोष्ट मला पुढं एकदा पेटी पुसताना कळली. घरात कुणी नव्हतं. फडक्यानं पट्ट्या पुसता पुसता मी भाता जरा ओढला आणि एकेक पट्टी दाबत गेले. सा ठीक, रे ठीक, आणि गंधारावर बोट पडलं तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. मधला गंधार खाली बसला होता. ना धड कोमल, ना धड शुद्ध, चिखलात पाय रुतल्यासारखा मध्येच कुठंतरी. वरचा गंधार दाबला, तो स्वच्छ. खालचा दाबला, तोही स्वच्छ. रुतला होता तो फक्त मधला. मग मी संध्याकाळी कान देऊन ऐकलं. आळीतली झाडून सगळी माणसं मधला गंधार रुतलेला गात होती आणि वरचा बरोबर गात होती. पेटीवरच शिकलेली ती. पेटी जिथं घसरली तिथं हे सगळे शिस्तीत घसरत होते, अगदी पाळण्यातली पोरंसुद्धा.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, माणूस चुकतं, पेटी कशी चुकेल, तिला का डोकं आहे? मग मी हिंमत करून सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हा आळीतले कल्हईवाले काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. ‘‘नाचता येईना अंगण वाकडं,’’ असं ते म्हणाले आणि अख्खं अंगण हसलं.

काकांचा त्यात जीव गुंतला होता. पूर्वी कधीतरी त्या पट्टीचा सूर थरथरायला लागला होता, आणि तो काकांनी दुरुस्त केला होता. काका कळशीला डाग देतात, परातीला देतात, तसा त्यांनी पेटीलाही दिला. आत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक जीभ असते, हवा लागली की ती हलते आणि सूर निघतो. काकांनी त्या जिभेच्या टोकावर कथलाचा एक थेंब बसवला. थरथर थांबली. गळकी कळशी आणि रडका सूर, दोन्हीला माझ्याकडं एकच औषध, असं ते तेव्हापासून सांगत आले होते. तेव्हा मी गप्प बसले. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथं तर सगळी आळी होती.

पण आता जागा जाणार म्हटल्यावर मला गप्प बसवेना. बियाण्याची शेवटची काही पोती उरली होती. आणि देव माझ्याकडं वळून बघतो कधीकधी, तसं झालं. उंदरांनी पेटीचा भाता कुरतडला.

वारा गळायला लागला. मामंजी भाता ओढून ओढून घामाघूम व्हायचे आणि पेटी दम लागल्यासारखी वाजायची. दोन दिवसांनी सायकलवरून एक दुरुस्तीवाला आला. छत्र्या, कुलपं, स्टो, कंदील, आणि मागं पाटीवर लिहिलेलं, पेटी. मामंजींनी त्याला ओट्यावर बसवलं, भाता दाखवला आणि बजावलं की कातड्याचा तुकडा लाव, फक्त भात्याला हात लाव, सुरांना बोट लावायचं नाही. मग ते वावरात बैल बघायला गेले. सासूबाई आत झोपल्या होत्या. मी चहा घेऊन गेले.

माणूस बोलका होता. त्यानं कातड्याचा तुकडा चिकटवला, तो वाळेपर्यंत चहा प्यायला, आणि मग सवयीनं एकेक पट्टी दाबून बघितली. गंधारावर आला आणि थांबला. पुन्हा दाबली. माझ्याकडं बघितलं. मला तेवढ्या बघण्यानंच रडू यायला लागलं. इतक्या वर्षांत ह्या गावात माझ्यासारख्या कानाचं माणूस मला पहिल्यांदा भेटलं होतं.

‘‘हे असंच वाजवतात?’’ त्यानं विचारलं.

‘‘असंच वाजवतात, असंच गातात,’’ मी म्हटलं. ‘‘आणि मला बेसूर म्हणतात.’’

तो हसला नाही. मामंजींनी बजावलेलं त्याला आठवत होतं, म्हणून तो का कू करत होता. मी त्याच्या पिशवीत पायलीभर शेंगा ओतल्या, वर मूठभर ओतल्या, आणि सांगितलं की म्हाताऱ्याचे बैल आज लांब चरायला गेलेत. त्यानं खिळे सैल केले, पट्ट्यांचं घर उचललं, सुरांची फळी उलटी केली. ती बारकी पितळी जीभ आणि तिच्या टोकावर कथलाचा थेंब, अगदी नाकाच्या शेंड्यावर चामखीळ असावी तसा. मुळात तिच्या खाली कचरा अडकला असणार, म्हणून ती थरथरत होती, असं तो म्हणाला. नुसतं फुंकरलं असतं तरी भागलं असतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत.

त्यानं तो थेंब खरवडायला सुरुवात केली. थोडं खरवडायचं, फळी बसवायची, पट्टी दाबायची, वरच्या गंधाराशी ताडून बघायचं, पुन्हा काढायची. एकच सूर घरभर केकाटत होता. धाकटी डोळे चोळत दारात आली. काय चाललंय म्हणाली. मी म्हटलं, झुरळ अडकलंय, ते काढतोय. झुरळ म्हटल्यावर ती आल्या पावली परत गेली. शेवटी त्यानं दोन्ही गंधार एकदम दाबले आणि ते असे एकमेकांत मिसळले की मी पदर तोंडात धरला. गंधार वर आला होता. आत्यानं शिकवलेल्या जागी, अगदी तिथंच.

मी त्याच्याकडून वचन घेतलं की कुणाला बोलणार नाहीस. तो म्हणाला, बाई, मी ह्या गावातून लवकर निघतो, मला संध्याकाळी इथं थांबायचंच नाही. शहाणा माणूस.

संध्याकाळ झाली. बियाण्याचं शेवटचं पोतं अंगणात ओतलं. सगळी आळी जमली, कल्हईवाले काका आपली पाटी घेऊन पुढंच बसले. सासूबाईंनी सांगून टाकलं की आज त्या नुसत्या ऐकणार. धाकटी नवं लुगडं नेसून पेटीशेजारी बसली. मी मुद्दाम लांब, टरफलांच्या ढिगाजवळ बसले. मामंजींनी भाता ओढून बघितला, वारा धरतोय म्हटल्यावर खूश झाले आणि सुरुवात केली.

पहिली ओळ. ‘वाऱ्या वाऱ्या’पर्यंत ठीक. ‘सावकाश’ला पेटी वर गेली आणि आळी खाली गेली. असं काही ऐकू आलं की ओसरीतलं मांजर उठून गेलं. हात थांबले. मामंजींनी डोळे उघडले आणि नांगराच्या तासात मध्येच बसलेल्या बैलाकडं बघावं तसं पेटीकडं बघितलं. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लोकांनी जोर लावून गायलं, जणू आरडून पेटीला जागेवर आणता येईल.

मग जो तो आपली अक्कल पाजळायला लागला. कुणी म्हणालं हवा दमट आहे, कुणी म्हणालं टरफलांची धूळ गेली. ह्यांनी सुचवलं की उंदीर आतच राहिला असेल. कल्हईवाले काकांनी सगळ्यांना गप्प केलं आणि निदान सांगितलं. नवं कातडं घट्ट बसलंय, वारा जोरात लागतोय, म्हणून सूर उडतोय. हळू ओढा. मामंजी इतके हळू ओढायला लागले की पेटी आजाऱ्यासारखी कण्हली, आणि गंधार तरी चढलेलाच. मी टरफलांत तोंड खुपसून हसत होते. देवाशप्पथ सांगते, इतकं सुख मला लेकराच्या बारशालाही झालं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी हिशेबात धरली नव्हती. धाकटीचा कान तयार होता. दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा तिनं पेटीचा पदर धरला. पेटी जाईल तिथं ती गेली, वर, स्वच्छ गंधारावर. एकटीच. मागं सगळी आळी रुतलेली आणि ही बरोबर. साहजिकच सगळ्यांना वाटलं, आज कोकिळेचा गळा गेला. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सासूबाईंनी पदरानं कपाळ पुसलं.

‘‘धाकटे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पाणी आण गं.’’

ती घागर घेऊन माझ्या समोरून गेली. डोळे भरलेले. माझं हसू थोडं कमी झालं, पण थांबलं नाही, कारण सासूबाई आता माझ्याकडं वळल्या होत्या. म्हातारीचं डोकं भलतंच चालतं. त्या म्हणाल्या, पेटी आज तिरकी झालीय. सरळ गळ्याचं माणूस तिच्याबरोबर कसं गाईल? तिरक्या पेटीला तिरकाच गळा लागणार. थोरले, ऊठ, तू बस.

ज्या क्षणाची मी इतकी वर्षं वाट बघितली तो आला, आणि तोही आमंत्रण देऊन. मी उठले. टरफलं झटकली, पदर खोचला, आणि पेटीशेजारी जाऊन बसले. मामंजींनी माझ्याकडं अशा आशेनं बघितलं की मला त्यांची कीव आली. आता ऐका म्हटलं मनात. आता सगळ्या आळीला कळेल कोण सुरात आणि कोण नाही. कल्हईवाले काकांच्या थोबाडाकडं बघतच गायचं, असंही ठरवलं.

मामंजींनी सूर दिला. मी ‘वाऱ्या वाऱ्या’ घेतलं, भरदार, मोकळं. विहिरीवर गाऊन गाऊन गळा तयारच होता. ‘सावकाश’ आलं. पेटी चढली. आणि बायांनो, मी घसरले.

माझ्या तोंडून आळीचा गंधार आला. रुतलेला, चिखलातला, जसाच्या तसा. मी दचकले. दुसऱ्यांदा जपून घेतलं, आत्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, आणि पुन्हा तेच. गळा ऐकेचना. विहिरीवर मी इतकी वर्षं काय गात होते, कुणास ठाऊक. तिथं पेटी नव्हती आणि बेडकं काही चूक काढत नव्हती. रोज संध्याकाळी कानावर पडणारा तो सूर हळूहळू कधी माझ्या घशात येऊन बसला, ते मला कळलंच नाही. आळीलाही कळलं नव्हतं, मी तोंड उघडलं की सूर न ऐकताच ती सवयीनं हसायची.

पण अंगणात काय झालं बघा. पेटी एकीकडं आणि मी सगळ्या आळीबरोबर. मागून सगळ्यांनी धरलं. अख्खी आळी माझ्या मागून रुतली, एकसाथ, एका जागी. शेंगा पटापट फुटायला लागल्या. मामंजींनी त्या पट्टीवरून बोटच उचललं. तेवढा सूर गाळून वाजवायला लागले आणि मग कसलाच अडसर उरला नाही.

गाणं संपलं तेव्हा कल्हईवाले काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, थोरली सुरात आली हो. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मग सगळ्यांना सांगायला लागल्या की मी हिला उगाच विहिरीवर पाठवत नव्हते, आपल्या विहिरीचं पाणीच तसं आहे, गळ्याला गुण येतोच. जागा तुझी, असं त्या मला सगळ्यांसमोर म्हणाल्या.

मला रडू आलं. माझा गंधार गेला म्हणून आलं, आणि त्याच रडण्यात मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. सगळी आळी माझ्या मागून गात होती, बाई. ते एकदा कानावर पडलं की आत्याबित्या सगळं विसरायला होतं.

माणसं उठून गेल्यावर धाकटी घागर घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, ‘‘जाऊबाई, तुम्ही पेटी सोडून गात होता.’’

‘‘हो.’’

‘‘आणि मी पेटी धरून गात होते.’’

‘‘हो गं.’’

‘‘मग घागर मला का?’’

ह्याचं उत्तर मला इतक्या वर्षांत मिळालं नव्हतं, मी तिला कुठून देणार? मी तिच्या हातातली घागर काढून घेतली आणि सांगितलं की उद्या सकाळपर्यंत थांब, तुझा गळा बरा होईल. आणि उद्यापासून माझ्याजवळच बसायचं, लांब नाही. तिला काही कळलं नाही, पण ती हसली.

सकाळी मी मामंजींना म्हटलं, भात्याचं काम करताना त्या माणसानं आत काही हलवलं तर नसेल? काकांना दाखवून घ्या. काका कोळशाची शेगडी, डागणी, कथलाची कांडी, सगळं घेऊन हजर. त्यांनी पेटी उघडली, फळी उलटी केली आणि विजयानं ओरडले की बघा, माझा डागच गळून पडलाय. इतकी वर्षं पेटी ह्या एका डागावर उभी होती, आणि तुम्ही उंदराला बोल लावता. मामंजींनी त्यांना हात जोडले. मी शेगडीला वारा घालत होते, मान खाली घालून.

काकांनी डागणी तापवली आणि त्या पितळी जिभेच्या टोकावर कथील टेकवलं. फळी बसवली. मामंजींनी पट्टी दाबली. मग दोघंही म्हातारे पेटीकडं न बघता माझ्याकडं बघायला लागले, कारण आता आळीत गाणं उचलणारी मी होते आणि सुराचा निवाडा माझ्याकडं होता. दारात धाकटी कान टवकारून उभी होती.

‘‘सांग बाई,’’ काका म्हणाले, ‘‘आला का जागेवर?’’

मी डोळे मिटून ऐकलं. गंधार आत्याच्या जागेवरून केसभरच खाली उतरला होता. एवढ्यानं आमच्या आळीचं भागणार नव्हतं.

‘‘नाही, काका,’’ मी म्हटलं. ‘‘अजून एक थेंब.’’